खतावणीत नसलेले नाव

नांदेडहून उत्तरेकडे निघालेला रस्ता अर्धापूर ओलांडून वारंगा फाट्याशी येतो आणि तिथे दुभंगतो. एक वाट कळमनुरी, हिंगोली, वाशीम करीत अकोल्याला जाते. दुसरी उमरखेड, यवतमाळ, वर्धा या मार्गाने नागपूरकडे वळते. आज या वाटांना १६१ आणि ३६१ असे राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक आहेत. अर्धापूर परिसरातील सत्तरी ओलांडलेल्या ट्रकचालकाला हे क्रमांक कदाचित सांगता येणार नाहीत. मात्र कोणत्या चढावर गाडी दुसऱ्या गेअरमध्ये घ्यावी लागे, कोणत्या पुलावरून पावसाळ्यात पाणी जाई आणि कोणत्या विहिरीचे पाणी रेडिएटरला चाले, हे तो डोळे मिटून सांगेल.

अर्धापूरला ट्रकचे गाव बनवले ते केळीने. इसापूर धरणाचे पाणी कालव्याने आले आणि या काळ्या जमिनीत केळी व हळद ही दोन्ही पिके रुजली. हळद टिकाऊ, ती वसमत, हिंगोली, नांदेडच्या बाजारात आठ दिवस उशिरा पोचली तरी बिघडत नाही. केळीचे तसे नाही. खानदेशातील रावेर-सावद्याची केळी ब्रॉडगेजच्या वाघिणींतून थेट दिल्लीला जात असे. नांदेडची रेल्वे मात्र दीर्घकाळ मीटर गेज होती. माल मनमाडला उतरवून दुसऱ्या गाडीत चढवायचा म्हणजे निम्मे घड काळे पडण्याची खात्रीच. त्यामुळे इथला व्यापार सडकेवर विसंबला आणि आडत्याची उलाढाल चालकाच्या मनगटावर येऊन ठेपली.

त्या मनगटाची परीक्षा घेणाऱ्या गाड्याही तशाच होत्या. जुन्या पिढीच्या बोलण्यात अजूनही ‘फार्गो’ आणि ‘डॉज’ ही नावे येतात. या गाड्या कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कारखान्यातून बाहेर पडत. सोलापूरच्या दिगंबर जैन घराण्यातील शेठ वालचंद हिराचंद यांनी ही कंपनी १९४४ मध्ये उभी केली आणि १९४७ पासून तिथे मोटारी जोडल्या जाऊ लागल्या. पुढे १९५४ मध्ये जमशेदपूरला टाटा आणि जर्मनीच्या डेमलर-बेंझ यांच्या करारातून लांब नाकाचा ट्रक आला. त्याच्या तोंडावर मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी असे. १९६९ मध्ये करार संपला आणि चांदणीच्या जागी इंग्रजी ‘टी’ बसला. तरीही कित्येक चालक त्या गाडीला पुढची अनेक वर्षे ‘मर्सिडीज’च म्हणत राहिले. नंतर ‘बाराशे दहा’ आली, ‘सोळाशे बारा’ आली. या आकड्यांत गाडीची कुंडलीच होती: पहिले दोन अंक भारासह एकूण वजनाचे टन, उरलेले दोन अश्वशक्तीचा दहावा भाग. शाळेची पायरी न चढलेला क्लीनरसुद्धा हे गणित जाणत असे.

नवी गाडी म्हणजे तेव्हा पुरी गाडी नव्हेच. कारखान्यातून नुसती चेसिस मिळे: इंजिन, चाके, स्टेअरिंग आणि बसायला लाकडी फळी किंवा खोका. दार नाही, छत नाही. डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर उपरणे बांधून चालक ती शेकडो मैल उघड्यावर चालवीत आणी. मग सुतार-लोहार केबिन आणि हौदा बांधत, रंगारी फाळक्यावर मोर काढी आणि मालकाच्या मुलांची नावे लिही. पॉवर स्टेअरिंग नव्हते. भरल्या गाडीचे चाक वळवताना खांदे भरून येत, इंजिनाची धग थेट पायांवर येई. म्हातारपणी गुडघे, कंबर आणि कान आधी का जातात, याचे उत्तर त्या केबिनमध्ये आहे.

केळीची भरणी हा एक सोहळाच असे. दिवसभर कच्चे घड कापून बांधावर आणायचे, हौद्यात तळाला आणि बाजूंना केळीचा पाला अंथरायचा, घड एकमेकांना घासणार नाहीत असे लावायचे, वरून पुन्हा पाला, आणि दोर आवळून गाडी अंधार पडता पडता सोडायची, म्हणजे पहिले काही तास तरी ऊन लागत नाही. केळी कापल्यावरही श्वास घेत असते. घडांच्या गर्दीत उष्णता कोंडते आणि एक घड पिकू लागला की त्यातून सुटणारा वायू शेजाऱ्यालाही पिकवतो. वाटेत एक दिवस वाया गेला तर दिल्लीच्या आझादपूर मंडईत हिरव्याऐवजी पिवळा माल उतरे आणि भाव कोसळे. चालकाला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. पण थांबल्यावर पाल्याखाली हात घालून तो तापमान पाही, आणि झोप बाजूला सारून पुन्हा चाकामागे बसे.

दिल्ली साधारण तेराशे किलोमीटर. नागपूरच्या पुढे सिवनी, लखनादौन, नरसिंहपूर, सागर, ललितपूर, झांसी, ग्वाल्हेर, मग मुरैना-धौलपूरच्या मध्ये चंबळ. तिथल्या दऱ्याखोऱ्यांत डाकूंचा वावर होता, म्हणून रात्री एकट्याने गाडी न नेता चार-पाच गाड्यांनी मिळून निघण्याची रीत पडली. एप्रिल १९७२ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्यापुढे जौरा येथे डाकूंनी मोठ्या संख्येने शस्त्रे खाली ठेवली, तेव्हा त्या बातमीने सुटकेचा निःश्वास टाकणाऱ्यांत असंख्य चालक होते. परतीच्या वाटेवर नांदेड जवळ आले की सचखंड गुरुद्वाऱ्याचा लंगर असे. पंजाबच्या गाड्या आणि मराठवाड्याच्या गाड्या तिथे शेजारी उभ्या राहत. कैक मराठी पोरांनी ट्रकचे पहिले धडे शीख उस्तादांकडून घेतले ते याच सहवासात. (मराठवाड्याच्या चालकाच्या हिंदीत आजही पंजाबी शिव्या आणि पंजाबी अदब दोन्ही आढळतात.)

रस्त्याच्या आठवणींत एक तारीख वेगळी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर हादरला. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपले होते. त्यानंतरच्या दिवसांत धान्य, घोंगड्या, पत्रे, औषधे घेऊन मिळेल तो ट्रक लातूरकडे वळला, आणि मदत व बघे यांच्या गर्दीने औसा-उमरग्याकडचे रस्ते तुंबून गेले. व्यापारी घराण्यांनी कोठारे उघडली, याची नोंद समाजाच्या इतिहासात योग्यच झाली आहे. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० भूकंपग्रस्त मुलांना पुण्याला नेऊन त्यांच्या शिक्षणाचा भार उचलला, हेही सर्वज्ञात आहे. चिखलात रुतत पत्र्यांचे ढीग पडक्या गावांच्या वेशीपर्यंत पोचवणाऱ्या चालकांची यादी मात्र कोठे सापडत नाही.

व्यापाऱ्याच्या वहीतही ती सापडत नाही. रोजमेळात भाडे लिहिले जाई, आगाऊ दिलेली रक्कम लिहिली जाई, तूट आणि कपात लिहिली जाई. खाते मात्र बहुधा गाडीच्या नंबराचे असे. फोन दुर्मीळ होता त्या काळी आडत्याची उधारी, दिल्लीच्या व्यापाऱ्याची चिठ्ठी, प्रसंगी रोकडीचे पुडके याच माणसाच्या बंडीच्या खिशातून प्रवास करी. पावती नव्हती, साक्षीदार नव्हता. इतक्या मोठ्या विश्वासाच्या बदल्यात माल पिकून गेला की पहिली कपात त्याच्याच भाड्यातून होई, हे जुन्या पेढ्यांनी नाकारण्यात अर्थ नाही. काही शेठजी अशा वेळी निम्मे नुकसान स्वतः सोसत. चालक त्यांची नावे अजून आदराने घेतात, आणि कोणी सोसले नाही तेही त्यांच्या चांगले लक्षात आहे.

कायदा नव्हता असे नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमाने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांना लागू होता. भविष्य निर्वाह निधीचा कायदा २० कामगारांपासून पुढे. एका गाडीच्या मालकाकडे, एका क्लीनरसह चाळीस वर्षे राबलेला माणूस दोन्हींच्या बाहेर राहिला. २०१९ मध्ये असंघटित कामगारांसाठी साठीनंतर महिना ३,००० रुपये पेन्शनची श्रमयोगी मानधन योजना आली, तिची प्रवेशाची वयोमर्यादा ४० वर्षे. तोवर हा माणूस आजोबा झालेला होता.

आता अर्धापूरची केळी खोक्यांत भरून, १३-१४ अंशांवर थंड राखलेल्या कंटेनरमधून बंदराकडे आणि आखाती देशांकडेही जाते. चालकाच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले ते २०२५ मध्ये. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकर नाके हटले; ज्या नाक्यांवर एकेकाळी रात्रीच्या रात्री रांगेत गेल्या, तिथे आज पानटपऱ्या आहेत. हळदीच्या गाडीसोबत १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य वाहतुकीला ई-वे बिल लागते. त्याच्या दुसऱ्या भागात वाहनाचा क्रमांक भरावा लागतो. चालकाच्या नावाचा रकाना तिथेही नाही.