विश्लेषण : कूलंटऐवजी नळाचे पाणी महागात का पडते?

घाटात टेम्परेचरचा काटा वर जातो, बॉनेटमधून वाफ येते. गाडी थंड झाल्यावर बाटलीतले पाणी भरून मोटार पुढे काढली जाते. अडचणीच्या वेळी ते ठीक; पण अनेक मोटारी नंतरही त्याच पाण्यावर चालतात. इंजिन ऑइल वेळेवर बदलणारे मालकही कूलंट फक्त ‘कमी झाले की भरायचे’ असे मानतात. ही सवय बदलायला हवी.

कूलंटची गरज काय?

कूलंट म्हणजे बहुधा इथिलीन ग्लायकॉल, पाणी आणि गंजरोधक रसायने यांचे मिश्रण. आपल्याकडे बर्फ पडत नसला, तरी पाणी उकळण्याचा धोका आहेच. साधे पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, तर निम्मे ग्लायकॉल असलेले मिश्रण सुमारे १०७ अंशांना. रेडिएटरच्या झाकणामुळे आतला दाब वाढून ही मर्यादा आणखी वर जाते.

नुकसान कसे होते?

बोअरच्या पाण्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात, धातूचे भाग गंजतात. बहुतेक नव्या मोटारींचे सिलिंडर हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते. ते फार तापले की वाकू शकते, हेड गॅस्केट जाते आणि इंजिन खोलावे लागते. त्या खर्चापुढे कूलंटची किंमत किरकोळ ठरते.

कधी बदलावे?

टाकीतील पातळी पूर्ण दिसली तरी गंजरोधक रसायने कालांतराने निकामी होतात. जुन्या प्रकारचे कूलंट साधारण २ वर्षे, तर नवे दीर्घायुषी ५ वर्षे टिकते. मात्र कंपनीच्या मॅन्युअलमधील मुदतच पाळावी. रंगावरून कूलंट निवडू नये, कारण रंगांचे सर्वमान्य प्रमाण नाही. कॉन्सन्ट्रेटमध्ये डिस्टिल्ड वॉटरच मिसळावे. पातळी वारंवार घटत असेल, तर भरत राहण्यापेक्षा गळती शोधावी.

खबरदारी कोणती?

इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. उकळते कूलंट अंगावर उडते. इथिलीन ग्लायकॉल गोडसर पण विषारी असल्याने सांडलेले कूलंट कुत्र्या-मांजरांच्या जिवावर बेतू शकते. जुने कूलंट गटारात ओतू नये.

गॅरेजच्या बिलावर ‘टॉप-अप’ दिसतो, पण कूलंट शेवटचे कधी बदलले हे क्वचितच लिहिलेले असते. ऑइलप्रमाणे त्याचीही तारीख आणि किलोमीटर नोंदवून घ्यावेत. जुनी मोटार घेणाऱ्याने तर ती नोंद आवर्जून मागावी.