टाकीपाशी माणसं हवी आहेत

सिएटल, बेलव्ह्यू, रेडमंड आणि इसाक्वा भागातल्या मराठी कुटुंबांना हे आवाहन आहे.

जानेवारीत इथल्या अनेक शाळांमध्ये सॅमन माशांची अंडी येतील. मुलं ती वर्गातल्या टाकीत वाढवतील आणि वसंतात पिल्लं ओढ्यात सोडतील. सोडायच्या दिवशी आई-बाबा, भारतातून आलेले आजी-आजोबा, सगळे हजर असतात, काठावर उभं राहायला जागा उरत नाही. पण टाकीला माणूस लागतो तो त्याआधीचे तीन-चार महिने, आणि तेव्हा तिच्यापाशी बहुतेक वेळा एकटी शिक्षिका असते. समोर पंचवीस मुलं, बाजूला टाकी. आम्हाला त्या महिन्यांसाठी माणसं हवी आहेत. आठवड्यातून एक तास दिलात तरी पुष्कळ.

काम काय, ते आधीच सांगून टाकतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशांना मारतं, म्हणून पाणी भरण्याआधी ते घालवावं लागतं. टाकीतलं पाणी 50 अंश फॅरनहाइटच्या आसपास राहायला हवं, त्यासाठी चिलर असतो, आणि तो नीट चालतोय ना हे बघावं लागतं. नदीत ही अंडी खडीखाली अंधारात असतात, म्हणून टाकीलाही बाहेरून फोमचे तक्ते किंवा काळं कापड लावतात. मेलेलं अंडं पांढरं पडतं, त्यावर बुरशी धरते आणि ती शेजारच्या जिवंत अंड्यांवर चढते, तेव्हा पांढरी अंडी नळीने एकेक करून उचलायची. अंडी फुटली की पोटाखाली नारिंगी बलकाची पिशवी घेऊन पिल्लं तळाशी पडून राहतात. त्या आठवड्यांत त्यांना काहीही खायला घालायचं नसतं, आणि मुलांना हेच सर्वांत जड जातं. तिथे धीर द्यायला कुणी मोठं माणूस जवळ असलं तर फार उपयोग होतो.

बलक संपला की पिल्लं वर पोहायला लागतात. मग खाणं सुरू होतं आणि खरी मेहनतही तेव्हापासूनच. उरलेल्या खाद्यातून आणि विष्ठेतून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, पण नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढलेले नसतात. म्हणून पाणी वरचेवर तपासायचं आणि थोडं थोडं बदलायचं. बादल्या जड असतात. शनिवार-रविवार आणि फेब्रुवारीतली सुट्टी हे तर काळजीचे दिवस, कारण वर्ग बंद असताना चिलर थांबला किंवा पंप अडकला तर कुणाला कळतच नाही. शाळेची परवानगी घेऊन सुट्टीत एक फेरी मारणारा एक माणूस मिळाला, तर अख्खी टाकी वाचते.

माशांबद्दल काही माहीत नसलं तरी चालेल, हे काम शिकवलं जातं. ज्यांच्या घरी मासे शिजत नाहीत त्यांनीही संकोच करू नये. इथे जीव जगवायचे आहेत. आणि ज्यांचा दिवस आकड्यांत जातो त्यांच्यासाठी तर वर्गात सुंदर काम आहे. पाण्याच्या तापमानातून रोज 32 वजा करायचे, म्हणजे 50 अंशांच्या पाण्यात दिवसाला 18 गुण. या गुणांची बेरीज ठरावीक आकड्यापर्यंत गेली की अंडी फुटतात. पाणी थंड झालं तर दिवस वाढतात, तापलं तर घटतात. अंडी कोणत्या आठवड्यात फुटतील हे चौथीतली मुलगी बेरजेवरून आधीच सांगते आणि तसं घडतं, तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा असतो. गणिताच्या शिकवणीवर आपण एवढा खर्च करतो, त्यातला एक तास इकडे द्या.

या अंड्यांमागे मोठा इतिहास आहे आणि तो आपल्या मुलांना कळायला हवा. सिएटलच्या कार्कीक पार्कमधून वाहणाऱ्या पायपर्स क्रीकमध्ये सॅमन उरले नव्हते. रहिवाशांनी ओढा साफ केला, आणि इथल्या मूळच्या सुक्वामिश जमातीने आपल्या ग्रोव्हर्स क्रीक मत्स्यबीज केंद्रातून चम जातीचे सॅमन दिले. आता नोव्हेंबरात तिथे चम परत येताना दिसतात. ज्यांचं नाव या शहराला आहे ते सिएटल हे सुक्वामिश आणि दुवामिश लोकांचे पुढारी. 1855 च्या पॉइंट एलियट करारात त्यांच्या लोकांनी जमीन दिली, पण मासेमारीचा हक्क राखून ठेवला. करारांतले असे हक्क पुढे नाकारले गेले. त्या हक्कांसाठी निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक ज्युनियर वारंवार तुरुंगात गेले. अखेर 1974 मध्ये न्यायाधीश बोल्ट यांनी पकडण्याजोग्या सॅमनपैकी निम्म्या माशांवर करारातल्या जमातींचा हक्क मान्य केला. आपण इथे उशिरा आलेले लोक आहोत. इथल्या पाण्याशी नातं जोडायचं, तर त्या पाण्यासाठी लढलेल्यांची नावं माहीत असणं हे कमीत कमी.

वर्गातली टाकी सॅमनची संख्या वाढवते, असं मात्र मी म्हणणार नाही. मादी साधारण तीन हजार अंडी घालते, आणि त्यांतली दोनच मोठी होऊन परतली तरी वंश टिकतो. वर्गातून सुटलेल्या दोनशे पिल्लांतलं एखादं परत आलं तर आनंदच, पण हिशेब त्यावर मांडू नये. प्युजेट साउंडमधले चिनूक सॅमन 1999 पासून धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या संघीय यादीत आहेत. प्रामुख्याने त्यांच्यावर जगणारे इथले ऑर्का 2005 मध्ये त्याहून गंभीर यादीत गेले. ही घसरण टाक्यांनी थांबणार नाही. ती थांबवायची असेल तर ओढ्यात जाणारं पाणी बदलावं लागेल, आणि ते पाणी आपल्या दारावरून जातं.

पावसाळ्यात शहरी ओढ्यांत शिरलेले कोहो सॅमन अंडी घालण्याआधीच तडफडून मरतात, हे इथे कित्येक वर्षं दिसत होतं. कारण 2020 च्या अखेरीस सापडलं. टायर टिकावेत म्हणून रबरात 6पीपीडी नावाचं रसायन घालतात. टायर झिजले की हवेतल्या ओझोनशी त्याचा संयोग होऊन एक नवं विष तयार होतं आणि पावसाबरोबर ओढ्यात उतरतं. कोहो त्यात काही तासांत मरतो. त्याच पाण्यात चम तगून राहतो. हे मुलांना सांगून बघा, त्यांच्या प्रश्नांना अंत नसतो. मग घरी येऊन तीच मुलं म्हणतात, बाबा, गाडी ड्राइव्हवेत धुऊ नका, धुलाई केंद्रात न्या, कारण रस्त्यावरच्या जाळीतून गेलेलं पाणी बहुतेक ठिकाणी शुद्ध न होताच ओढ्यात जातं. टाकीचं फळ मला इथे दिसतं.

समुद्रातून परतणारा सॅमन आपला ओढा वासावरून ओळखतो. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या आर्थर हॅस्लर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात हे मांडलं आणि प्रयोगांनी दाखवून दिलं. आपल्यातल्या ज्यांचं बालपण कोकणात गेलं त्यांनी मृगाच्या पहिल्या पावसात असेच अंडी घालायला ओढ्यातून शेतात चढणारे वलगणीचे मासे पाहिले असतील. अंड्यांनी भरलेले तेच मासे पकडल्यामुळे पुढे ओढे रिकामे कसे झाले, हेही पाहिलं असेल. ही आठवण वर्गात सांगा. इथल्या मुलांनी ती ऐकलेली नाही.

एक कळकळीची विनंती. पिल्लं ठरवून दिलेल्या ओढ्यातच सोडायची, घरामागच्या तळ्यात किंवा दुसऱ्या ओढ्यात नाही, कारण रोग आणि परकी जात एका पाणलोटातून दुसऱ्यात जाऊ शकते. घरच्या टाकीतले गोल्डफिश किंवा गप्पी तर कुठेच सोडू नका, तुमच्या मुलाने कितीही हट्ट केला तरी.

आता काय करायचं ते सांगतो. याच आठवड्यात मुलाच्या शाळेच्या ऑफिसात विचारा, टाकी आहे का आणि ती कोण सांभाळतं. शाळेत स्वयंसेवक म्हणून जाण्याआधी अर्ज आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. त्यात वेळ जातो, म्हणून जानेवारीची वाट बघू नका. तुमची मुलं मोठी झाली असतील किंवा तुम्हाला मुलं नसतील, तरी जवळच्या प्राथमिक शाळेला विचारा. शाळेत टाकी नसेल, तर शिक्षकांना तुमचा पाठिंबा कळवा आणि पुढच्या वर्षासाठी दोन-तीन कुटुंबांनी मिळून तयारी दाखवा. शिक्षक बहुतेकदा तयार असतात, त्यांना फक्त भरवशाची माणसं हवी असतात. एका टाकीला तीन कुटुंबं मिळाली तर एक पाण्याची तपासणी बघेल, एक पाणी बदलेल आणि एक सुट्टीत फेरी मारेल. आपल्या मराठी मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात दाराशी एक वही ठेवलेली असेल. तीत आपलं नाव, जवळची शाळा आणि आठवड्यातला कोणता वार जमेल, एवढंच लिहा.