रिपोर्टातला आकडा आणि सिस्टरची दहा मिनिटे

“सिस्टर, रिपोर्टवर ‘हाय रिस्क’ लिहिलंय. म्हणजे बाळात दोष आहेच ना?”

बंगळूरच्या महादेवपुऱ्यात हा प्रश्न मराठीत, हिंदीत, तेलुगूत, बंगालीतही विचारला जात असेल. संगणक कंपन्यांमुळे व्हाइटफील्डच्या वाटेवरचा हा भाग देशभरच्या तरुण जोडप्यांचे गाव बनला आहे. पुण्या-सोलापूरकडच्या मुलीही इथे येतात आणि दिवस जातात तेव्हा घरात ना आई असते, ना सासू. रिपोर्ट मोबाइलवर येतो, तोही इंग्रजीत. डॉक्टरांची भेट चार दिवसांनी. मधल्या रात्री रडण्यात जातात.

अशा वेळी परिचारिकेने शेजारी बसवून दिलेली दहा मिनिटे फार मोलाची असतात.

डबल मार्कर ही रक्ततपासणी आणि तिच्या जोडीने ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान होणारी, बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी सोनोग्राफी, ही केवळ चाळणी आहे. पीठ चाळताना कोंड्याबरोबर थोडे चांगले पीठही वर राहतेच. समजा, रिपोर्टात डाऊन सिंड्रोमसाठी १५०त १ असा आकडा आहे. त्याचा अर्थ, असाच आकडा आलेल्या १५० गर्भवतींपैकी सुमारे १४९ जणींच्या बाळांना तो दोष नसतो. हे १४९ आधी सांगितले, की समोरचीचा श्वास जरा खाली बसतो. मग उरलेल्या एकाबद्दल शांतपणे बोलता येते.

१० आठवड्यांनंतर आईच्या रक्तातून गर्भाच्या डीएनएची होणारी महागडी तपासणी बरीच अचूक असते. पण तीही चाळणीच, फक्त अधिक बारीक. खात्रीचे उत्तर हवे असेल, तर साधारण १५ आठवड्यांनंतर सुईने गर्भजल काढून तपासावे लागते. त्यात गर्भपाताचा धोका थोडा असतो, पण असतो. तो पत्करायचा की नाही, हे त्या बाईने ठरवायचे. उलट ‘लो रिस्क’ आले म्हणून १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी टाळणेही बरोबर नाही. हृदय, मणका, मूत्रपिंडे यांची रचना तिथेच नीट दिसते.

एक गोष्ट फारच थोड्या जणींना ठाऊक असते. प्रसूतिपूर्व निदानाचा १९९४ चा केंद्रीय कायदा म्हटले, की ‘मुलगा की मुलगी सांगायचे नाही’ एवढेच आठवते. (तसा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला.) पण त्याच केंद्रीय कायद्यात असेही आहे, की गर्भजल तपासणीसारख्या प्रक्रियेचे परिणाम गर्भवतीला समजावून द्यायचे आणि तिची लेखी संमती तिला समजणाऱ्या भाषेत घ्यायची. कन्नड मुलखात राहणारी मराठी बाई “मला हे समजलं नाही, पुन्हा सांगा” असे म्हणते तेव्हा ती कुणावर भार टाकत नसते. ती आपला हक्क मागत असते. नवऱ्याने घाईघाईत ‘इथे सही कर’ म्हणणे म्हणजे संमती नव्हे.

नवरोबांचा विषय निघालाच आहे, तर थॅलेसिमियाचेही सांगायला हवे. पत्नी वाहक निघाली, की पतीचीही तपासणी लगेच व्हावी लागते. “मला काय धाड भरलीय?” असे म्हणून आठवडे घालवणारे काही कमी नाहीत. दोघेही वाहक असतील, तर दर खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता ४त १ असते, आणि वाहक माणूस एरवी ठणठणीत दिसतो.

घालवलेले आठवडे किती महाग पडतात, हे २००८ मध्ये मुंबईच्या निकेता मेहता यांच्या खटल्यात देशाने पाहिले. बाळाच्या हृदयातला दोष कळला तेव्हा २० आठवड्यांची त्या वेळची मर्यादा उलटली होती. उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली, पुढे काही दिवसांतच त्यांचा गर्भपात झाला. २०२१ च्या दुरुस्तीने काही गटांतील स्त्रियांसाठी मर्यादा २४ आठवडे झाली. गंभीर व्यंगाबाबत वैद्यकीय मंडळ त्यानंतरही परवानगी देऊ शकते. तरीही उशिरा कळण्याचे दुःख कायद्याने कमी होत नाही.

आपल्याकडे तिसरा महिना सरेपर्यंत गोड बातमी कुणाला सांगत नाहीत. ती प्रथा पाळायची तर खुशाल पाळावी, पण दवाखान्यात नाव नोंदवण्यासाठी थांबू नये. डबल मार्करची वेळ तेवढ्यातच निघून जाते.

बाकी नर्सच्या रोजच्या सूचना साध्याच वाटतात: लोहाची गोळी चहाबरोबर नको, साखरेची तपासणी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करायची. पण तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, रक्त वा पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे ती दोनदा सांगते ते उगीच नाही.

आणि बाळंतपणाला माहेरी जायचे असेल, तर साड्यांच्या आधी फाइल बॅगेत टाकावी. कर्नाटकात मिळालेले ताई कार्ड, सगळे सोनोग्राफी रिपोर्ट, रक्तगट, घेतलेल्या इंजेक्शनांच्या तारखा. सोलापूरच्या डॉक्टरांना महादेवपुऱ्यात काय झाले ते त्या कागदांवरूनच कळणार असते.