व्हेनिसचा ड्यूक राजा नव्हे

शेक्सपिअरच्या ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’ची मराठीतील चर्चा बहुतांशी शायलॉक आणि पोर्शिया यांच्याभोवतीच फिरत राहते. न्यायासनावर बसलेला ड्यूक या चर्चेत दरबारी सजावटीइतकाच उरतो. त्याचा उल्लेख झालाच, तर ‘राजा’ किंवा ‘दयाळू शासक’ एवढ्यावर त्याची बोळवण होते. ही केवळ शब्दयोजनेतील ढिलाई नाही. ड्यूकला राजा मानले की चौथ्या अंकातील न्यायसभेमागचे सत्तासंबंध वाचकाच्या नजरेआड होतात, आणि ‘दया विरुद्ध कायदा’ हे पाठ्यपुस्तकी द्वंद्व तेवढे हाती लागते.

या सवयीला इतिहास आहे. महादेवशास्त्री कोल्हटकरांचे ‘ऑथेल्लो’चे भाषांतर (१८६७), आगरकरांचे ‘विकारविलसित’ (१८८३), देवलांचे ‘झुंझारराव’ (१८९०) या वाटेने मराठीने शेक्सपिअर आत्मसात केला तो प्रामुख्याने राजे आणि सेनापती यांच्या परिभाषेत. ‘हॅम्लेट’ला ती परिभाषा शोभते, तेथला राजा राजाच आहे. व्यापारी नगरराज्याच्या निवडलेल्या प्रमुखाला मात्र तिच्यात जागाच नव्हती.

ऐतिहासिक व्हेनिसमध्ये या प्रमुखाला ‘दोजे’ म्हणत. तो तहहयात निवडला जाई. १२६८ पासून ही निवड चिठ्ठ्या आणि मतदान यांच्या आलटूनपालटून होणाऱ्या फेऱ्यांनी ठरे, व अखेरचा कौल ४१ निवडकर्ते देत. पदग्रहणाच्या वेळी त्याने घ्यावयाची शपथ म्हणजे अधिकारांची नव्हे, तर मर्यादांची यादी होती; परराष्ट्रांची पत्रेदेखील त्याने एकट्याने उघडावयाची नसत. १३५५ मध्ये मारिनो फालिएरो या दोजेने सत्ता बळकावण्याचा कट केला, तेव्हा त्याच्याच नगराने त्याचा शिरच्छेद केला. अर्थात ‘निवडलेला’ या शब्दाने भारावून जाण्याचेही कारण नाही. १२९७ नंतर महासभेची दारे ठरावीक घराण्यांपुरती मिटत गेली होती, आणि दोजे हा त्या घराण्यांचाच माणूस असे.

शेक्सपिअरला हे कितपत ठाऊक होते, असा आक्षेप येईल. व्हेनिसच्या शासनसंस्थेवरील कोन्तारिनीच्या ग्रंथाचा ल्यूकनॉरकृत इंग्रजी अनुवाद १५९९ चा, नाटक त्याआधीचे. तेव्हा त्या अनुवादाच्या ऋणाचा दावा करता येत नाही, आणि त्याची गरजही नाही. ड्यूकची मर्यादा संहितेतच नोंदलेली आहे, आणि तीही अँटोनिओच्या तोंडून. तिसऱ्या अंकात तो स्वतःच सांगतो की ड्यूकला कायद्याची वाट अडवता येणार नाही. कारण या नगराचा नफा सर्व राष्ट्रांच्या व्यापाऱ्यांवर अवलंबून आहे, आणि परक्यांना दिलेल्या सवलती नाकारल्या तर राज्याच्या न्यायालाच बट्टा लागेल. न्यायाचे समर्थन येथे धर्मातून येत नाही, राजनीतीतूनही नाही. ते बाजारातल्या पतीतून येते.

आता न्यायसभा पाहावी. शायलॉक आत येण्यापूर्वीच न्यायाधीश प्रतिवादीचे सांत्वन करतो आणि वादीला पाषाणहृदयी ठरवतो. हा पक्षपात उघड आहे, पण निष्फळही आहे. कारण शायलॉकपाशी नगराची सनद आहे. पुढे तो गुलामांचा प्रश्न काढतो. तुम्ही विकत घेतलेल्या माणसांना मुक्त करा, असे मी म्हटले तर ते आमचेच आहेत असे तुम्ही म्हणाल. मग मी दाम मोजून घेतलेले हे मांसही माझेच. मालमत्तेवर उभ्या असलेल्या या समाजाला त्याच्याच तर्काने विचारलेला हा प्रश्न आहे. ड्यूक त्याला उत्तर देत नाही. बेलारिओ आला नाही तर सभा बरखास्त करण्याचा आपला अधिकार तो बोलून दाखवतो! या एका जागी थांबणारा समीक्षक विरळाच. प्रजेला उत्तर न देण्याचा अधिकार राजाला असतो. येथे मात्र शासक गप्प राहतो तो उत्तर दिल्यास सभेतील प्रतिष्ठितांचे घरच उघडे पडेल म्हणून.

ड्यूकला दया दाखवता येते हे खरे, पण कधी? परक्याविरुद्धचा कायदा बाहेर निघाल्यावर. रोख्यापुढे हतबल असलेला हाच माणूस मग न मागता जीवदान देतो, आणि धर्मांतराची अट मान्य न झाल्यास ते परत घेण्याची धमकीही देतो. म्हणजे शेक्सपिअरचा ड्यूक शेवटी इंग्लंडच्या राजासारखाच वागला ना, असे प्रतिपक्ष म्हणेल. वागला; पण अधिकार कोणाविरुद्ध सापडला आणि कोणापुढे सापडला नव्हता, हे त्या प्रतिपक्षाला सांगता आले पाहिजे. ‘राजा’ या शब्दाने ते सांगता येत नाही.

‘ऑथेल्लो’तील ड्यूक हीच गोष्ट उलट दिशेने दाखवतो. आरोपी माझा पुत्र असला तरी कठोर कायदा लागू होईल, असे आश्वासन तो ब्रॅबान्शिओला देतो. आरोपी ऑथेल्लो आहे हे कळताच सूर बदलतो, कारण सायप्रसवर तुर्की आरमार चालून येत आहे. ज्या परक्याची गरज आहे त्याच्या वाट्याला समजूतदारपणा येतो. ज्याची गरज संपली त्याच्या वाट्याला ‘दया’. पहिल्या अंकानंतर हा ड्यूक रंगभूमीवर पुन्हा येत नाही. अखेरीस लोडोविको ऑथेल्लोची मालमत्ता ग्रॅशिआनोकडे सोपवतो आणि वृत्तान्त सांगावयास निघतो. तोही ड्यूकचे नाव घेत नाही, राज्याचे घेतो.