शोध कोणाचा?

'शोध लावला' हे शब्द भूगोल शिकवताना माझ्या घशात अडकतात. ऑस्ट्रेलियातील जॉन फॉरेस्टचेच उदाहरण घ्या. पेशाने भूमापक. १८६९, १८७० आणि १८७४ अशा त्याच्या तीन मोहिमा गाजल्या. पण त्या रखरखीत मुलखात पाणी कोण हुडकून देई? तिन्ही वेळा सोबत असलेला टॉमी विंडिच हा आदिवासी वाटाड्या. जेथे माणसे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती, तेथे शोध कसला?

विंडिच १८७६ साली वारला. फॉरेस्ट बंधूंनी त्याच्या थडग्यावर दगड बसवला. कृतज्ञता तेवढ्यावरच संपली! १८९० साली फॉरेस्ट पश्चिम ऑस्ट्रेलियाचा पहिला मुख्यमंत्री झाला. तेथील राज्यघटनेच्या ७० व्या कलमाने आदिवासींसाठी वर्षाला ५,००० पौंड, आणि महसूल ५ लाखांवर गेल्यास त्याचा शेकडा १ हिस्सा राखून ठेवला होता. सोन्याच्या खाणींनी तिजोरी भरू लागली आणि एवढा हिस्साही डोळ्यांत खुपू लागला. १८९७ साली फॉरेस्टच्या सरकारने ते कलमच रद्द केले.

तो धाडसी होता, कर्तबगार होता, मान्य. पण ज्यांचे पाणी पिऊन जगला, त्यांच्याच ताटातला घास त्याने काढला, हेही मान्य करू या. वाचकहो, मुलांना फॉरेस्टचे नाव जरूर सांगा. मात्र आधी विंडिचचे सांगा.