चिन्ह शेवटी आले तर बिघडले कुठे?

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ आले आणि महाराष्ट्रभर गदारोळ उडाला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर जोडाक्षरांची अडचण सांगत होत्या, दाक्षिणात्य भाषांचा दाखला देत होत्या. आमच्या देगलूर-उदगीरच्या सीमेवर तेलुगू आणि कन्नड मुले दशक आधी, एकक नंतर बोलतात, हे आम्ही रोजच ऐकतो. वाद झाला तो संख्यानामाच्या क्रमावर. क्रियेच्या क्रमाकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही, आणि आमच्या मते खरा प्रश्न तोच आहे.

मराठी वाक्यात क्रिया शेवटी येते. ‘पाचात तीन मिळवा’: आधी दोन्ही संख्या, मग आज्ञा. पाढाही तसाच. ‘पाच त्रिक पंधरा’ म्हणताना गुणाकार दोन संख्यांच्या मध्ये येत नाही. ‘तीन’च्या ‘त्रिक’ या रूपातच तो असतो. शाळेतली मांडणी मात्र चिन्ह मध्ये घालते. मग २ + ३ × ४ चे उत्तर वीस की चौदा, हे ठरवण्यासाठी ‘कंचेभागुबेव’ घोकावे लागते. मुलांना तो गणिताचा नियम वाटतो. वस्तुतः तो लेखनाचा संकेत आहे.

पोलिश तर्कज्ञ यान वुकाशेविच यांनी १९२०च्या दशकात चिन्ह संख्यांच्या आधी लिहून कंसांची गरजच संपवली. पुढे ही मांडणी उलटवून चिन्ह शेवटी नेले गेले. ह्युलेट-पॅकार्डचा १९७२ सालचा एचपी-३५ हा कॅल्क्युलेटर त्याच रीतीने चालतो; त्यावर ‘बरोबर’चे बटणच नाही. २, एंटर, ३, अधिक, ४, गुणिले. म्हणजेच, दोनात तीन मिळवा, आलेल्या उत्तराला चारने गुणा. जग जिला ‘उलटी’ म्हणते, ती मांडणी मराठीत सुलटीच आहे!

‘नीट’च्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, मग लातूर पॅटर्नच्या मुलखात हे खूळ कशाला, असे कोणी विचारील. आकडेमोड टाळण्यासाठी तो आम्हाला नकोच आहे. पदावली शिकवताना चार तासांपुरता तो वर्गात यावा. मोबाइलवर तो फुकट मिळतो. एकच उदाहरण दोन्ही रीतींनी सोडवले की नियम कोणता आणि संकेत कोणता, हे मुलांना कळेल. मराठीतून गणित जमत नाही, असे सांगत सेमी इंग्रजीचा आग्रह धरणाऱ्यांनाही हा तास दाखवावा. गणिताला मराठीची अडचण होते, हे त्यांनी गृहीत धरले आहे. सिद्ध केलेले नाही.