उचल, इसार आणि डेव्ही जोन्स

आरंभीच कबुली दिलेली बरी. आम्ही 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' या चित्रपटमालेचे भक्त आहोत. आणि त्यातही तिच्या दुसऱ्या भागाचे, म्हणजे २००६ साली आलेल्या 'डेड मॅन्स चेस्ट'चे. मराठीच्या अध्यापकांनी चाच्यांच्या चित्रपटावर लिहावे, तेही नाक न मुरडता, याचे काहींना नवल वाटेल. शिवाय आम्ही राहतो बीड जिल्ह्यात. इथून समुद्र गाठायचा तर सह्याद्री ओलांडून जावे लागते. आमच्याकडच्या पिढ्यान्पिढ्यांनी समुद्र पाहिला तो संतांच्या भवसागरात, आणि नाव पाहिली तीही त्याच सागरातली. तरीही, किंवा म्हणूनच, या चित्रपटाविषयी आम्हाला काही सांगावयाचे आहे.

या उत्तरभागाचे परीक्षण करणाऱ्यांपैकी अनेकांनी त्याला पसरट म्हटले, गुंतागुंतीचा म्हटले, पहिल्याची सर नाही म्हणून निकालात काढले. उत्तरभाग म्हणजे पूर्वभागाच्या यशावर काढलेले कर्ज, असा एक समज समीक्षेत दृढ झालेला आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याने मात्र तो निमूटपणे मान्य करू नये. भवभूतीने 'महावीरचरित' लिहिले आणि नंतर 'उत्तररामचरित' लिहिले. आज रसिक कोणते अधिक जिव्हाळ्याने वाचतात, हे सांगण्याची गरज नाही. पराक्रम संपल्यावर त्याची किंमत कोण चुकवतो, हा प्रश्न उत्तरभागातच विचारता येतो. 'उत्तररामचरित' तो प्रश्न करुणेच्या वाटेने विचारते. 'डेड मॅन्स चेस्ट' अर्थातच त्या तोलामोलाची कलाकृती नव्हे. ती १९६७ साली डिस्नेलँडमध्ये सुरू झालेल्या एका सैरगाडीवरून उगवलेल्या मालेतली करमणूक आहे. पण प्रश्न तोच आहे.

पहिला भाग, २००३ सालचा, खजिन्याचा होता. शापित ॲझटेक सोने, ते परत पेटीत टाकण्याची धडपड, आणि शेवटी ब्लॅक पर्ल हे आपले लाडके जहाज परत मिळवणारा कॅप्टन जॅक स्पॅरो. सारे काही आनंदाने संपले होते. दुसऱ्या भागात दिग्दर्शक गोर व्हर्बिन्स्की आणि लेखक टेड एलियट व टेरी रॉसिओ एक साधा प्रश्न काढतात : हे जहाज जॅककडे मुळात आले कोठून? उत्तर असे, की समुद्रतळाशी गेलेले हे जहाज डेव्ही जोन्स या दर्यातल्या धन्याने वर काढून दिले होते. करार होता तेरा वर्षे कप्तानपद, आणि त्याच्या मोबदल्यात शंभर वर्षे जोन्सच्या 'फ्लाइंग डचमन' जहाजावर चाकरी. मुदत भरली आहे. वसुलीला माणूस आला आहे. खजिन्याची गोष्ट इथे कर्जाची गोष्ट होते, आणि याच वळणावर हा चित्रपट आमचा झाला.

तो आमचा झाला याचे श्रेय एका विद्यार्थ्याला द्यावे लागेल. साहित्य आणि चित्रपट यांतील कथनाविषयी बोलताना आम्ही वर्गात या कराराचा प्रसंग सांगत होतो. आम्ही फाउस्टवर येण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, म्हणजे ही उचलच झाली की." वर्ग हसला, आणि मग हसायचा थांबला. त्या वर्गातल्या कित्येकांचे आईवडील त्या दिवशी पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात उसाच्या फडात होते.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण. आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे लक्षावधी माणसे ऊसतोडीला जातात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. माणसे मोजायची ती अवजाराच्या नावाने. हंगामापूर्वी मुकादम या जोडीला ठोक रक्कम आगाऊ देतो, ती उचल. लग्न, आजारपण, घराचे पत्रे, मागचे देणे, यांत ती रक्कम जाण्याआधीच गेलेली असते. मग टनावारी तोड करून ती फेडायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे जाणे आले.

आता जोन्सकडे पाहा. तो कर्ज देतो ते कोणत्या घडीला? जहाज फुटलेले आहे, खलाशी मरणाच्या दारात आहे, अशा वेळी तो येऊन विचारतो, मरणाची भीती वाटते का? वाटते म्हणणाऱ्याला शंभर वर्षांची चाकरी मिळते. जॅक तक्रार करतो, की कप्तान म्हणून मला दोनच वर्षे मिळाली, मग खलाशांनी बंड करून मला हाकलले. जोन्स ती ऐकून घेत नाही. करारात बंडाची तरतूद नाही. फडात पाऊस शिरला, बैल दगावला, बाई बाळंत झाली, तरी उचलीचा आकडा हलत नाही, हे ज्याने घरात ऐकले आहे त्याला हा संवाद विनोदी वाटूनही विनोदी वाटत नाही.

पुढचा भाग तर अधिकच ओळखीचा आहे. जॅक घासाघीस करतो : माझ्या बदल्यात दुसरे आत्मे घे. शंभरावर सौदा ठरतो. मुदत तीन दिवसांची. विल टर्नर या तरुणाला जोन्स तिथेच ठेवून घेतो, आणि राहिले नव्याण्णव. याला आपल्याकडे चोख शब्द आहे : इसार. मग जॅकचा सोबती गिब्स टॉर्टुगा बंदरातल्या गुत्त्यात टेबल मांडून भरती करतो. रांगेत येतात ते म्हातारे, आजारी, आयुष्याला कंटाळलेले. प्रेक्षक खदखदून हसतात. आम्हीही दर वेळी हसतो. पण चित्रपटाने आपल्या लाडक्या नायकाला काय करून ठेवले आहे, हे त्या हसण्यातच कळते. स्वतः देणेकरी असलेला जॅक आता मुकादम झाला आहे. आमच्याकडचा मुकादमही वरच्या साखळीत बांधलेलाच असतो. खलनायक एकच असता तर गोष्ट सोपी झाली असती.

आणि बाप-लेकाचा प्रसंग. विलचा बाप, 'बूटस्ट्रॅप' बिल, त्याच जहाजावर चाकरीला आहे. अंगावर शिंपले उगवले आहेत. हळूहळू माणूस जहाजाचा भाग होत चालला आहे. विलच्या हातून चूक होते, फटक्यांची शिक्षा होते, तेव्हा बिल चाबूक स्वतःच्या हातात मागून घेतो. दुसऱ्याच्या हातचे फटके हाडापर्यंत जातील, हे त्याला ठाऊक आहे. पुढे फाशांच्या डावात मुलगा हरू नये म्हणून तो जाणूनबुजून खोटी बोली लावतो आणि स्वतःला कायमचे गहाण टाकतो. एवढा प्रसंग जरी चित्रपटात असता तरी आम्ही त्याला सामान्य म्हटले नसते.

भक्तांनी केवळ आशयाविषयी बोलावे असा नियम नाही, म्हणून आनंदाचाही हिशेब मांडतो. गिरणीचे दगडी कोंदणातले भले मोठे चाक निखळून बेटावर घरंगळत जाते, आणि त्याच्यावर व त्याच्या आत जॅक, विल आणि नॉरिंग्टन तिघे एकमेकांशी तलवारी लढवतात. हा प्रसंग आम्ही किती वेळा पाहिला, हे सांगण्यात आता लाज उरलेली नाही. तिघांनाही पेटीतले जोन्सचे काळीज हवे आहे : जॅकला स्वतःचे देणे चुकवायला, विलला बापाला सोडवायला, नॉरिंग्टनला गेलेली नोकरी परत मिळवायला. इतक्या गतिमान दृश्यातही तिघांचे हेतू एकमेकांत मिसळत नाहीत, याला पटकथेचे कसब म्हणतात. बिल नायी यांचा जोन्स हा दुसरा आनंद. चेहरा संगणकावर घडवलेला, दाढीच्या जागी वळवळणारे अष्टपादाचे हात. तरी त्या डोळ्यांतला तिरस्कार आणि त्याखालचे जुने प्रेमभंगाचे दुःख नटाचेच आहे. दृश्यपरिणामांचे ऑस्कर या चित्रपटाला मिळाले ते योग्यच झाले.

जोन्सचा करार समुद्रावर, तर जमिनीवर दुसरा कागद आहे. ईस्ट इंडिया ट्रेडिंग कंपनीचा लॉर्ड कटलर बेकेट येतो तो अटकेचे हुकूम घेऊन, आणि जॅकसाठी राजमुद्रेचे परवाने घेऊन. परवाना घेतला की कालचा चाचा आज राजाचा नोकर. लूट तीच, फक्त नाव वेगळे. हे मराठी वाचकाला शिकवावे लागू नये. कान्होजी आंग्रे कोकण किनाऱ्यावर जहाजांना दस्तक देत. ते घेणे म्हणजे या समुद्रावर मराठ्यांची सत्ता मान्य करणे. इंग्रजांनी ती मान्य केली नाही, आणि त्यांच्या कागदपत्रांत मराठ्यांचा सरखेल चाचा ठरला. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून गेले आणि हात हलवत परतले, तरी शब्द बदलला नाही. १९०७ साली जॉन बिडल्फ यांनी या इतिहासावर पुस्तक लिहिले त्याचे नावच मुळी 'द पायरेट्स ऑफ मलबार'. आज मुंबईतील नौदलाचा तळ आंग्र्यांचे नाव धारण करतो. ज्याच्या हाती कागद, त्याच्या हाती शब्दकोश.

इथेच आमच्या लाडक्या चित्रपटमालेशी आमचे भांडण आहे. शिक्का कोण मारतो हे जिला इतके नेमके कळले, ती स्वतः शिक्के मारताना कचरत नाही. दुसऱ्या भागात बेटावरचे आदिवासी नरभक्षक दाखवले आहेत. चित्रीकरण झाले त्या डॉमिनिका बेटावरील कॅरिब समाजाच्या प्रमुखांनी त्याला आक्षेप घेतला होता. ज्या समाजाच्या नावावरून त्या समुद्राला नाव पडले, त्याच समाजाला वसाहतवाद्यांनी चिकटवलेली ही जुनी बदनामी आहे. आणि २००७ सालच्या तिसऱ्या भागात जगभरच्या चाच्यांच्या सभेत हिंदी महासागराचा प्रतिनिधी येतो, 'श्री सुंभाजी'. कान्होजींच्या एका मुलाचे नाव संभाजी होते. चित्रपटातला हा फेटेवाला गृहस्थ गंभीरपणे बसून राहतो, त्याचे सेवक त्याच्या वतीने बोलतात, आणि अखेर तो तोंड उघडतो तेव्हा बारीक चिरका आवाज निघतो. झाले, विनोद संपला. कंपनीविरुद्ध उभ्या राहणाऱ्यांची कथा सांगताना, कंपनीच्या नाकी नऊ आणणाऱ्या घराण्याच्या वाट्याला एवढेच यावे?

रागाने फार लांब जाण्याआधी आपल्या घरातही पाहावे. पुण्याच्या प्रभात कंपनीने १९३६ साली 'अमरज्योती' काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, दुर्गा खोटे त्यात सौदामिनी झाल्या होत्या. कायदा आईला तिच्या मुलावर हक्क देत नाही, म्हणून ही बाई समुद्रावर जाते आणि चाच्यांची नायिका होते. 'पायरेट्स'च्या तिसऱ्या भागात एलिझाबेथ चाच्यांची राजा निवडली जाते, त्याच्या ७१ वर्षे आधीची ही गोष्ट. तिथेही चाचा घडवला तो कायद्याच्या कागदानेच. असा चित्रपट ज्या भूमीत झाला तिथे पुढे दर्यावर्दी साहसकथेची सलग परंपरा का निर्माण झाली नाही? आमच्या मते, रंजन हे गांभीर्याचे शत्रू आहे ही आपली समजूत याला बरीच जबाबदार आहे. साहस मुलांच्या पुस्तकांकडे ढकलायचे, आणि कर्ज, स्थलांतर, वेठ हे विषय ग्रामीण व दलित साहित्याच्या तासापुरते ठेवायचे, ही वाटणी आपण अध्यापकांनीच केली. त्या मागच्या बाकावरच्या मुलाने ती एका वाक्यात मोडली.

तिसऱ्या भागाच्या शेवटी विल जोन्सच्या काळजात सुरा खुपसतो. जोन्स मरतो, पण नियम असा, की काळीज भोसकणाऱ्याने त्याची जागा घ्यायची. विल कप्तान होतो : दहा वर्षे समुद्रावर, एक दिवस घरी. जहाज तेच राहिले. २०१७ सालच्या पाचव्या भागात त्याची सुटका होते खरी, पण ती समुद्रदेवाच्या जादूच्या त्रिशूळाने. पटकथाकारांना त्रिशूळ आणावा लागला, यावरूनच गाठ किती घट्ट बसली होती हे कळावे. आम्हाला दुसरा भाग प्रिय आहे, कारण त्यात अद्याप त्रिशूळ नाही. देणे आहे, मुदत आहे, आणि ती चुकवण्यासाठी माणूस दुसऱ्या माणसाला किती स्वस्तात इसार ठेवतो हे आहे.

पुढच्या हंगामात वर्गातले काही बाक पुन्हा रिकामे होतील. तोपर्यंत ज्यांना शक्य आहे त्यांना हा चित्रपट एकत्र बसवून दाखवावा, आणि फाउस्टवर येण्याची घाई करू नये, असे आम्ही आता ठरवले आहे.